कॅमेऱ्यावरची फुली: मानहाइमच्या संग्रहालयाने जिंकलेला खटला

जर्मनीतल्या मानहाइम शहरात राइस-एंगेलहॉर्न नावाचं संग्रहालय आहे. तिथे संगीतकार रिचर्ड वाग्नरचं एक व्यक्तिचित्र आहे. सेझार विलिश या चित्रकाराने ते १८६२च्या सुमारास काढलं. विलिश १८८६ साली गेला. चित्रकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं कॉपीराइट, हा आजचा युरोपातला हिशेब धरला तरी १९५६ साल सरलं तेव्हा या चित्रावर कुणाचाच हक्क उरला नव्हता. कुणीही ते छापावं, पोस्टकार्डावर टाकावं, मुखपृष्ठावर घ्यावं.

तरीही २०१५ मध्ये या संग्रहालयाने विकिपीडियामागच्या विकिमीडिया फाउंडेशनला बर्लिनच्या कोर्टात खेचलं. वाग्नरच्या चित्रासकट १७ फोटो विकिमीडिया कॉमन्स या मोफत चित्रांच्या ऑनलाइन भांडारात आहेत, ते खाली घ्या, अशी मागणी होती. मे २०१६ मध्ये बर्लिनच्या कोर्टाने संग्रहालयाची बाजू उचलून धरली. दुसरा दावा श्टुटगार्टमध्ये चालला, आणि तो कुठल्या संस्थेवर नव्हता. जर्मन विकिपीडियासाठी हौसेने, बिनपगारी काम करणाऱ्या एका माणसावर होता. हा दुसरा दावाच पायरी पायरीने वर चढत जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयात पोचला. २० डिसेंबर २०१८ला निकाल लागला आणि संग्रहालय दोन्ही मुद्द्यांवर जिंकलं: एक आपल्या फोटोंवरचा हक्क, दुसरा संग्रहालयातली फोटोबंदी. अडीच वर्षांनी कायदाच बदलला आणि जिंकलेल्यातला एक मुद्दा हातचा गेला. दुसरा अजून शाबूत आहे. संग्रहालयात, ग्रंथालयात किंवा अभिलेखागारात काम करणाऱ्यांनी खरं तर त्याच्याकडे नीट बघायला हवं, पण चर्चा बहुतेक वेळा पहिल्याचीच होते.

फोटोंचे दोन गठ्ठे

स्वयंसेवकाने कॉमन्सवर चढवलेले फोटो दोन तऱ्हेचे होते. हा फरक डोक्यात पक्का नसेल तर पुढचं सगळं गोंधळाचं वाटेल.

पहिला गठ्ठा स्कॅन केलेला. संग्रहालयाने १९९२ मध्ये आपल्याच एका कर्मचाऱ्याकडून कलाकृतींचे फोटो काढून घेतले होते आणि एका प्रकाशनात छापले होते. स्वयंसेवकाने त्या पानांवरून चित्रं स्कॅन केली. फोटोंचा हक्क छायाचित्रकाराकडून संग्रहालयाकडे आला होता, म्हणून वादी संग्रहालयच होतं.

दुसरा गठ्ठा त्याने स्वतः काढलेल्या फोटोंचा. २००७ मध्ये तो संग्रहालयात गेला, कॅमेरा बाहेर काढला आणि समोर मांडलेल्या वस्तूंचे फोटो घेतले. हे फोटो त्याचेच, त्यांच्यावर संग्रहालयाचा कॉपीराइट असण्याचा प्रश्नच नव्हता. पण संग्रहालयात फोटो काढायला मनाई होती. नियमावलीत तसं लिहिलेलं होतं आणि कॅमेऱ्यावर फुली मारलेली ती सगळ्यांच्या ओळखीची पाटी लावलेली होती.

मूळ कलाकृती दोन्हीकडे हक्कमुक्त. म्हणजे चित्रकार या भांडणात कुठेच नव्हता. भांडण होतं चित्र आणि बघणारा यांच्या मध्ये उभ्या असलेल्या दोघांवरून. एक कॅमेरा धरणारा आणि दुसरा दार सांभाळणारा.

चित्राचा फोटो काढणं म्हणजे काय

ज्याने हे काम कधी जवळून पाहिलेलं नाही त्याला वाटतं, चित्रासमोर उभं राहायचं आणि बटण दाबायचं. तैलचित्रावर वॉर्निशचा थर असतो आणि तो आरशासारखा चमकतो. दिवे जरा चुकले की काळ्या कोटावर पांढरा डाग उमटतो. म्हणून दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांत दिवे लावतात, वेळ पडली तर दिव्यांवर आणि भिंगावर ध्रुवण फिल्टर चढवून चमक मारतात. कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा पडदा कॅनव्हासला अगदी समांतर हवा. तो जरासा तिरपा लागला तरी चौकट समलंब चौकोनासारखी दिसते. कडेला रंगांच्या चौकोनांची पट्टी ठेवून एक शॉट घेतात, म्हणजे पुढे पडद्यावर आणि छपाईत रंग कुठे सरकला ते पकडता येतं. एका चित्रावर अर्धा दिवस सहज जातो.

आणि एवढं करून त्या छायाचित्रकाराचं यश कशात? फोटो बघणाऱ्याला मध्ये फोटो आहे हे जाणवूच नये यात. कष्ट खरे, कौशल्यही खरं, पण सगळं कौशल्य स्वतःचा माग पुसण्यात खर्च होतं. कॉपीराइट मात्र निर्मात्याची छाप शोधतो. या कायद्याची सगळी अडचण इथे आहे.

अमेरिकेत हा प्रश्न १९९९ मध्येच निकाली निघाला होता. ब्रिजमन आर्ट लायब्ररी विरुद्ध कोरेल या खटल्यात न्यूयॉर्कच्या फेडरल जिल्हा न्यायालयाने सांगितलं, की हक्कमुक्त सपाट चित्राची हुबेहूब छायाप्रत म्हणजे नवी निर्मिती नव्हे, मेहनत कितीही लागलेली असो. विकिमीडिया कॉमन्सचं धोरण याच भूमिकेवर उभं आहे. मानहाइमची बाजू जर्मनीत लंगडी पडली नाही, कारण जर्मन कायद्यात फोटोंसाठी दोन पायऱ्या आहेत. वरच्या पायरीवर कलात्मक छायाचित्रं. त्यांना पूर्ण कॉपीराइट, निर्मात्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं. खालच्या पायरीवर साधे फोटो, म्हणजे कागदपत्रांसाठीचे, घरगुती, कामापुरते. त्यांना कलम ७२खाली छोटा, कॉपीराइटशेजारचा हक्क मिळतो आणि तो प्रकाशनापासून ५० वर्षं टिकतो. या खालच्या पायरीवर चढायला फारसं काही लागत नाही.

न्यायालयाने १९९२चे फोटो याच खालच्या पायरीवर बसवले. उभं कुठे राहायचं, किती अंतरावरून, कुठल्या कोनातून, प्रकाश कसा, चौकट कुठे कापायची, असे निर्णय छायाचित्रकाराला घ्यावेच लागतात. तेवढी किमान बौद्धिक मेहनत या हक्कासाठी पुरे, असा निष्कर्ष निघाला. पानांवरून स्कॅन करून नेटवर टाकणं म्हणजे या हक्काचा भंग. गणित मांडून बघा: १९९२मध्ये छापलेले फोटो, अधिक ५० वर्षं, म्हणजे २०४२ संपेपर्यंत हक्क. ज्या चित्राचा कॉपीराइट कधीचाच संपला त्याच्या फोटोवर आणखी अर्धं शतक पहारा.

स्वयंसेवकाच्या बाजूने वकिलांनी नेमकं यावरच बोट ठेवलं होतं. चित्र हक्कमुक्त झालं, पण त्याचा प्रत्येक चांगला फोटो हक्काखाली असेल, तर हक्कमुक्ती कागदावरच राहते. संग्रहालयाने दर काही दशकांनी नव्या कॅमेऱ्याने नवे फोटो काढावेत आणि घड्याळ पुन्हा सुरू व्हावं. त्यामुळे अशा फोटोंना कलम ७२ लावूच नये, त्याचा अर्थ आवळून घ्यावा. न्यायालयाने हे मानलं नाही. कायद्यात असा अपवाद नाही, त्यामुळे आम्ही तो घालणार नाही, असा एकूण सूर. विकिमीडियावाल्यांची चिंता एका वाग्नरच्या चित्रापुरती नव्हतीच. म्हातारी मेल्याचं दुःख नव्हतं, काळ सोकावण्याची भीती होती.

इथे मला वैयक्तिक मत नोंदवायचं आहे. कायद्याचा तेव्हाचा मजकूर पाहिला तर न्यायालय चुकलं असं म्हणवत नाही. कलम ७२ इतकं सैल लिहिलेलं होतं की त्यात घराच्या छपराचा फोटोही बसतो, मग चार दिवे लावून काढलेला चित्राचा फोटो कसा बसणार नाही? चूक कायदा करणाऱ्यांची होती, आणि पुढे त्यांनीच ती दुरुस्त केली.

दार सांभाळणारा

आता दुसरा गठ्ठा, २००७चा. फोटो ज्याने काढले त्याचेच, चित्र कुणाचंच नाही. मग अडलं कुठे?

उत्तर तिकिटात. संग्रहालयात पाऊल ठेवणारा माणूस संग्रहालयाशी एक करार करतो. न्यायालयाने त्याला वस्तू पाहण्याचा खासगी करार मानलं. नियमावलीतलं कलम आणि भिंतीवरची फुलीची पाटी या त्या कराराच्या छापील अटी. सही नको, चर्चा नको, पाटी दिसली आणि आत गेलात, की अट लागू. अशा छापील अटी ग्राहकावर अन्याय करणाऱ्या आहेत का हे जर्मन न्यायालयं कडक तपासतात. फोटोबंदीची अट त्या चाळणीतून पार पडली.

यापुढचा तर्क मला सगळ्या निकालात जास्त लक्षवेधी वाटतो. करार मोडला, ठीक. पण शिक्षा काय? जर्मन नागरी कायद्याचं कलम २४९ सांगतं, की नुकसान करणाऱ्याने परिस्थिती जशी असती तशी परत आणून द्यायची. स्वयंसेवकाने मनाई पाळली असती तर फोटो निघालेच नसते. फोटो निघाले नसते तर नेटवर आले नसते. म्हणून आता ते नेटवर टाकायचे नाहीत. कॉपीराइट हा शब्दही न उच्चारता, कॉपीराइटने जे मिळालं असतं तेच हातात पडलं.

यात एक फट आहे. करार फक्त करार करणाऱ्याला बांधतो. ज्याने तिकीट घेतलं, पाटी पाहिली, फोटो काढला, तो अडकला. त्याच्या फोटोची प्रत तिसऱ्या कुणी घरबसल्या उतरवून घेतली असेल, तर त्याने संग्रहालयाशी कुठलाच करार केलेला नाही. कॉपीराइट सगळ्या जगाविरुद्ध चालतो, करार एका माणसाविरुद्ध. म्हणून संग्रहालयांना वस्तूच्या मालकीवरून थेट हक्क हवा असतो. याच न्यायालयाने २०१० मध्ये सान्सूसीच्या राजवाड्यांच्या आणि बागांच्या प्रकरणात म्हटलं होतं, की आपल्या आवारात शिरून काढलेल्या फोटोंच्या धंदेवाईक वापराला जागेचा मालक मनाई करू शकतो. पण ती जमीन होती, बाग होती. मानहाइममध्ये न्यायालयाने निकालाची इमारत कराराच्या पायावर उभी केली.

७ जून २०२१

युरोपीय संघाचा डिजिटल बाजारातल्या कॉपीराइटचा निर्देश १७ एप्रिल २०१९चा. त्याचं कलम १४ छोटं आहे पण नेम धरून लिहिलेलं आहे. दृश्यकलेच्या कृतीवरचा हक्क संपला असेल तर तिची प्रतिकृती करताना जे काही तयार होतं त्यावर कॉपीराइट किंवा शेजारचा हक्क लागणार नाही. अपवाद एकच: ती प्रतिकृती स्वतःच कुणाची तरी स्वतंत्र बौद्धिक निर्मिती असेल तर. जर्मनीने हे कलम ६८ म्हणून आपल्या कायद्यात घातलं आणि ते ७ जून २०२१पासून लागू झालं.

पहिला गठ्ठा तिथे मोकळा झाला. २०४२पर्यंत चालणारा पहारा एकवीस वर्षं आधीच उठला, कारण हा बदल जुन्या फोटोंनाही लागू होतो. ब्रिटन तोवर युरोपीय संघाबाहेर पडला होता, पण तिथल्या अपील न्यायालयानेही नोव्हेंबर २०२३ मधल्या एका निकालात, वेगळ्याच विषयाच्या निमित्ताने, स्पष्ट केलं, की मौलिकता ठरवताना निर्मात्याची मोकळी सर्जनशील निवड बघायची, कष्ट आणि कौशल्य नव्हे. म्हणजे हुबेहूब प्रतीवर नवा हक्क सांगणाऱ्या संग्रहालयांच्या पायाखालची जमीन तिथेही सरकली.

दुसऱ्या गठ्ठ्याला मात्र कलम १४ स्पर्शही करत नाही. निर्देशात काही ठिकाणी स्पष्ट म्हटलंय, की अमुक सवलतींच्या विरुद्ध जाणारी कराराची अट चालणार नाही. संशोधनासाठीचं माहिती-खनन (संगणकाने मोठ्या साठ्यातून माहिती काढणं), शिकवण्यासाठीचा वापर आणि जतनासाठीच्या प्रती यांना ते संरक्षण आहे. कलम १४ त्या यादीत नाही. तेव्हा संग्रहालयाने दारावर फुली लावली तर ती आजही कराराची अट म्हणून चालते. शिवाय, आपल्याकडची मोठ्या आकाराची फाइल लोकांना द्यायलाच हवी असं कुठलंही कलम संग्रहालयाला सांगत नाही. हक्कमुक्त असणं वेगळं आणि हाताशी असणं वेगळं.

आणखी एक बारकावा, जो कामाच्या ठिकाणी सारखा आडवा येतो. हे सगळं सपाट चित्राला नीट बसतं. संगमरवरी पुतळ्याचा फोटो घ्या. कुठल्या बाजूने, उजेड गालावर की कपाळावर, पार्श्वभूमी काळी की करडी, यात निवड खरीच असते. तो फोटो छायाचित्रकाराची स्वतःची निर्मिती ठरण्याची शक्यता बरीच. त्यामुळे ‘मूळ वस्तू जुनी आहे, म्हणजे फोटो मोकळा’ असं सरसकट समजणारा अडचणीत येतो.

मिळालं काय

संग्रहालयाच्या बाजूचा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. चांगल्या फोटोला पैसा लागतो, छायाचित्रकाराच्या कामाला मोल आहे, आणि धंद्यासाठी वापर होणार असेल तर निर्णय आपल्या हातात असावा. कॉमन्सवर टाकलेल्या फोटोचा धंदेवाईक वापरही मोकळा ठेवावा लागतो, त्यामुळे ठिणगी पडणं अटळ होतं.

पण पैशाचा मुद्दा ताणून धरताना मला नेहमी २००४ मधला एक अभ्यास आठवतो. किंग्ज कॉलेज लंडनचे सायमन टॅनर यांनी अमेरिकेतली कलासंग्रहालयं चित्रांच्या प्रती देण्यासाठी पैसे कसे आकारतात ते तपासलं होतं. खर्च वजा जाता त्यातून म्हणण्यासारखा नफा होतो, असं एकाही संग्रहालयाने सांगितलं नाही. परवाना देणं म्हणजे पत्रव्यवहार, बिलं, वसुली आणि त्यासाठी माणूस. आणि तो माणूस पगार घेतो.

उलट दिशेने गेलेलं उदाहरण अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमचं. डच चित्रकार व्हर्मीरच्या ‘दूधवाली’ या चित्राच्या पिवळट, मळकट प्रती नेटवर इतक्या पसरल्या होत्या, की दुकानातली खऱ्या रंगाची पोस्टकार्डं लोकांना खोटी वाटायला लागली. २०११ मध्ये युरोपियाना या युरोपातल्या डिजिटल सांस्कृतिक संग्रहाच्या प्रकल्पाने ही गोष्ट छापून आणली आणि ‘पिवळ्या दूधवालीचा आजार’ हा शब्दप्रयोग संग्रहालयांच्या जगात रूढ झाला. राइक्सम्युझियमने निष्कर्ष काढला तो असा: वाईट प्रतींवर उपाय एकच, चांगली प्रत स्वतःच सोडा. २०१२ मध्ये राइक्सस्टुडिओ हे त्यांचं ऑनलाइन दालन सुरू झालं तेव्हा त्यांनी सव्वा लाख कलाकृतींच्या मोठ्या फाइली उघड्यावर ठेवल्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने हक्कमुक्त कलाकृतींचे पावणेचार लाख फोटो सीसी-झिरो या शून्य-अटींच्या परवान्याखाली मोकळे केले.

मानहाइमने जिंकलेल्या खटल्याचा फायदा-तोटा मांडायचा झाला तर माझा हिशेब असा. वकिलांवर पैसे गेले, वर्षं गेली, ज्या ज्ञानकोशात लोक वाग्नरचं नाव शोधतात तिथून आपल्याच संग्रहातली चित्रं हटवण्याची मागणी करावी लागली, आणि जगभरच्या बातम्यांत नाव आलं ते याच कारणाने. हाती आलेला कॉपीराइटचा अर्धा निकाल अडीच वर्षांत विरघळला. उरली ती दारावरची फुली.

ही फुली लावायचा अधिकार संग्रहालयाला आहे, आणि कधी कधी ती लावावीच लागते. हयात चित्रकाराचं चित्र असेल, उसन्या आणलेल्या वस्तूवर मालकाने अट घातली असेल, मानवी अवशेष मांडलेले असतील, फ्लॅशने नाजूक रंग उडणार असतील, तर मनाईला कारण आहे. तक्रार सरसकट फुलीबद्दल आहे. उसन्या चित्राला लागू असलेली मनाई शेजारच्या दोनशे वर्षांपूर्वीच्या चित्रालाही चिकटते, कारण दोघांसाठी वेगळी पाटी लावायचे कष्ट कुणी घेत नाही. नोंदवहीतही हेच होतं. चित्राचा हक्क, फोटोचा हक्क, मालकाची अट आणि दारावरची अट, या चार गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत हव्यात. प्रत्यक्षात ‘हक्क’ असा एकच रकाना असतो आणि त्यात गोल सी, म्हणजे कॉपीराइटचं © चिन्ह, आणि संग्रहालयाचं नाव टाकून मोकळं होतात. हक्क संपलेल्या सपाट चित्राच्या हुबेहूब फोटोवर ते चिन्ह आज युरोपीय संघात खोटं ठरतं.

एक तुलना करून बघा. १९९२ मध्ये संग्रहालयाच्या खर्चाने दिवे लावून काढलेला फोटो आज कुणीही छापील पानावरून स्कॅन करून बिनदिक्कत नेटवर टाकू शकतो. त्याच चित्राचा फोटो कुणी फुलीच्या पाटीसमोरून जाऊन स्वतःच्या मोबाइलवर घाईघाईत, काचेवरच्या दिव्याच्या प्रतिबिंबासकट काढला, तर त्याला मात्र २०१८चा निकाल अजून आडवा येतो.